ही कसली वर्गणी? कला-इतिहासकारांची संघटना नेमकं करते काय

बडोद्यात दांडिया बाजारात आत्याकडे बसले होते. गणपती पंधरा दिवसांवर आलेले. मंडळाची दोन मुलं पावतीपुस्तक घेऊन आली, आत्यानं नेहमीसारखी घासाघीस करून पाचशेचे तीनशे केले आणि दार लावून घेतलं. तेवढ्यात माझ्या फोनवर मेल आली: सभासदत्वाची मुदत संपतेय, वर्गणी भरा. मी कार्ड काढलं. आत्यानं चष्म्याच्या वरून बघितलं.

"गणपतीची कळते. ही कसली वर्गणी?"

"कला-इतिहासकारांच्या संघटनेची."

"म्हणजे युनियन? संपबिंप करता की काय?"

संप आम्ही करत नाही. केला तरी कुणाच्या लक्षात येणार नाही. पण तिचा प्रश्न रास्त होता. दर वर्षी पैसे भरायचे, बदल्यात ना आरती ना प्रसाद, मग मिळतं काय? त्या दुपारी तिला जे सांगितलं तेच इथं जरा ऐसपैस लिहिते आहे.

आधी कलेचा इतिहास म्हणजे काय ते. चित्र काढणं वेगळं, चित्र बघून "वा!" म्हणणं वेगळं, आणि ते कधी, कुणी, कुणाच्या पैशानं, कशासाठी काढलं हे शोधणं वेगळं. हे तिसरं काम आमचं. आत्याच्या घरापासून रावपुऱ्यातला तांबेकर वाडा फार लांब नाही. भाऊ तांबेकर १८४९ ते १८५४ गायकवाडांचे दिवाण होते, त्यांचा हा चार मजली वाडा. रस्त्यावरून बघाल तर आजूबाजूच्या गर्दीत दबलेलं जुनं लाकूडकाम दिसतं. वर गेलात की भिंतीच्या भिंती चित्रांनी भरलेल्या. कृष्णलीला आहे, महाभारत आहे, आणि त्यांच्याच शेजारी मराठे आणि इंग्रज यांची लढाई आहे.

आत्यानं तो वाडा लहानपणापासून पाहिलाय. तिला मी विचारलं, ही चित्रं दिवाणांच्या कारकिर्दीतली की मागाहूनची? चितारी बडोद्याचे की बाहेरून आणलेले? लढाईच्या चित्रात कुणाची बाजू घेतली आहे? रंग घरी घोटलेले की बाजारातून डबीतून आलेले? ती म्हणाली, "मला काय माहीत? तू शिकलीस ना?" पण शिकलेल्या एकट्या माणसालाही याची उत्तरं देता येत नाहीत. दिवाणांच्या हिशेबाच्या वह्या बघायच्या तर मोडी वाचणारा हवा. रंगाचा कण तपासायचा तर रसायनवाला हवा. राजस्थानातल्या हवेल्या पाहिलेला कुणी हवा, पुण्या-साताऱ्याकडचे चित्रित वाडे पाहिलेला कुणी हवा. ही सगळी माणसं वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या पगारांवर, एकमेकांना न ओळखता काम करत असतात. पुरातत्त्व खातं वाड्याला संरक्षित म्हणून पाटी लावतं, विद्यापीठ पदवी देतं, संग्रहालय वस्तू सांभाळतं. या माणसांनी एकमेकांना गाठावं आणि एकमेकांच्या चुका काढाव्यात, ही जबाबदारी मात्र यांपैकी कुणाचीच नसते. संघटना त्यासाठी लागते.

मराठी माणसाला हा प्रकार नवा नाही. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० सालचं. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्यासारखी माणसं पोत्यांनी जुने कागद गोळा करत हिंडली, पण त्या कागदांचा अर्थ चारचौघांत बसून, भांडून लावायचा तर बैठक हवी म्हणून मंडळ उभं राहिलं. त्याच्या दुसऱ्याच वर्षी, १९११ मध्ये, अमेरिकेत कॉलेज आर्ट असोसिएशन निघाली. ब्रिटनमधली कला-इतिहासकारांची संघटना बरीच उशिराची, १९७४ ची. जर्मनांची १९४८ ची. देशोदेशींच्या कला-इतिहासकारांची पहिली मोठी परिषद मात्र व्हिएन्नाला १८७३ मध्येच भरली होती. आपल्याकडे कोलकात्यात १९०७ मध्ये इंडियन सोसायटी ऑफ ओरिएंटल आर्ट स्थापन झाली. अवनींद्रनाथ आणि गगनेंद्रनाथ ठाकूर तिच्या मुळाशी होते. आज भारतीय कला-इतिहासकारांचं अधिवेशन भरवणारी इंडियन आर्ट हिस्टरी काँग्रेस आहे, तिचं घर गुवाहाटीत. ललित कला अकादमी यात धरू नका. ती १९५४ मध्ये सरकारनं काढलेली संस्था. सभासदांच्या वर्गणीवर आणि मतांवर चालते ती संघटना, हा फरक लहान वाटला तरी पुढे कामाला येतो.

अमेरिकेतल्या संघटनेची एक गोष्ट बडोदेकराला लगेच पटेल. तिथे चित्रकार आणि चित्रांचा इतिहास लिहिणारे पहिल्यापासून एकाच मांडवाखाली आहेत. बडोद्याच्या फॅकल्टी ऑफ फाइन आर्ट्समध्येही १९५० पासून तेच. मूळचे इंदूरचे ना. श्री. बेंद्रे रंग शिकवत, शंखो चौधरी मूर्ती घडवून घेत आणि त्याच आवारात कलेचा इतिहास आणि सौंदर्यशास्त्र हाही विषय. भूपेन खख्खर मुंबईहून १९६२ मध्ये इथे आले ते चित्रकलेसाठी नव्हे, कलासमीक्षा शिकायला. पुढे ते चित्रकार म्हणूनच गाजले, हे जग जाणतं. लिहिणाऱ्याला रंगाचा वास आणि रंगवणाऱ्याला टीपांचा त्रास, दोन्ही लागतात असं माझं मत आहे. आत्याला ते पटलं नाही. स्वयंपाक करणारा आणि चव सांगणारा एकाच घरात असले की भांडणं होतात, म्हणाली. तेही खरंच.

तर वर्गणी जाते कुठे?

थोडी अधिवेशनात जाते. २०१८ च्या फेब्रुवारीत बडोद्यात एक्क्याण्णवावं साहित्य संमेलन झालं तेव्हा आत्या तिन्ही दिवस गेली होती, त्यामुळे हे समजावणं सोपं गेलं. मांडव, पुस्तकांची दुकानं, चहाच्या टपरीवरच्या खऱ्या चर्चा, सगळं तसंच. फरक इतकाच की इथे अध्यक्षाच्या भाषणाला फारसं वजन नसतं. विषय बरेच महिने आधी सभासदांकडूनच मागवतात. विषय ठरले की त्यावर निबंध मागवतात. निवड झालेल्याला पंधरा-वीस मिनिटं मिळतात, वर वेळ गेला की सूत्रधार चिठ्ठी सरकवतो. मग प्रश्न. नव्या मुलामुलींसाठी तो प्रश्नांचा दहा मिनिटांचा वेळ म्हणजे अग्निपरीक्षा. मागच्या रांगेतली एखादी म्हातारी बाई उठते, शांतपणे विचारते, "तुम्ही मूळ चित्र पाहिलंत की फोटो?" आणि तीन वर्षांच्या कामातली भेग सगळ्यांना दिसते. अमेरिकेत याच अधिवेशनांना जोडून वर्षानुवर्षं प्राध्यापकीच्या मुलाखती होत आल्या. म्हणजे एका बोळातून ज्ञान, दुसऱ्या बोळातून पोटपाणी.

बरीचशी वर्गणी जाते नियतकालिकात, आणि माझ्या मते संघटनेचं सगळ्यात मोलाचं काम तिथेच होतं. अमेरिकेतल्या संघटनेचं आर्ट बुलेटिन १९१३ पासून निघतंय. ब्रिटनमधल्या संघटनेचं आर्ट हिस्टरी १९७८ पासून. त्यात लेख छापून येतो कसा, हे बाहेरच्यांना सहसा माहीत नसतं.

बडोद्याचंच उदाहरण घेऊ. १९५१ मध्ये अकोट्याला (अकोला नव्हे, अकोटा, स्टेशनच्या पलीकडचा आपला) जैन धातुमूर्तींचा साठा सापडला. अडुसष्ट नग. उमाकांत प्रेमानंद शाह यांनी त्यांचा अभ्यास करून १९५९ मध्ये पुस्तक काढलं. कमाटीबागेतल्या संग्रहालयात जाल तेव्हा व्हेलच्या सांगाड्यापाशी आणि ममीपाशी जरा कमी रेंगाळा आणि या मूर्तींसमोर उभे राहा. त्यांत जीवंतस्वामीची मूर्ती आहे. उभी, ध्यानस्थ, हात खाली सोडलेले, पण डोक्यावर मुकुट आणि अंगावर दागिने. जैन तीर्थंकर आणि दागिने? कारण हे महावीर दीक्षेच्या आधीचे आहेत, राजपुत्र असतानाच ध्यानाला उभे राहिलेले. हे एकदा कळलं की मूर्ती वेगळीच दिसायला लागते.

आता समजा मी एक लेख लिहिला आणि त्यात ठोकून दिलं की यातली अमुक मूर्ती शाह म्हणतात त्याहून शंभर वर्षं जुनी. वर्तमानपत्रात हे उद्या छापून येईल, मथळाही छान होईल. नियतकालिकाचा संपादक मात्र लेखावरचं माझं नाव काढून तो दोन जाणकारांकडे पाठवतो. त्यांना मी कोण ते माहीत नसतं, मला ते कोण ते कळत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी, कधी सहा महिन्यांनी, टिपणं येतात. मूर्तीच्या पीठावर कोरलेल्या लेखातल्या अक्षरांचं वळण साल नोंदलेल्या कोणत्या कोरीव लेखाशी ताडून पाहिलंत? मुकुटाची घडण जुनी आहे म्हणता, पण जुनी घडण पुढेही कारागीर वापरतातच ना? धातूची तपासणी कुणी केली? यातल्या एकाही प्रश्नाला उत्तर नसेल तर लेख परत येतो. उत्तरं असतील तर लेख सुधारून पुन्हा जातो. या परीक्षकांना सहसा दमडी मिळत नाही. आज तू माझा लेख तपास, उद्या मी कुणाचा तरी तपासेन, या भरवशावर सगळा कारभार. आत्या म्हणाली, "म्हणजे भिशी." इतकी नेमकी उपमा मला वीस वर्षांत सुचली नव्हती.

ही भिशी बुडतेही. परीक्षक आळशी असतात, कधी जळणारे असतात, नावं झाकली तरी छोट्या विषयात कोण कोण ते शैलीवरून ओळखू येतं. तरीसुद्धा एखाद्या दालनातल्या पाटीवर "सहावं शतक" असं छापलेलं असतं तेव्हा त्या दोन शब्दांमागे अशी कितीतरी टिपणं झिजलेली असतात.

आता एक अडचण, जी चित्रकलेखेरीज दुसऱ्या कुठल्या इतिहासकाराला इतकी छळत नाही: फोटो. पानिपतावर लिहायला पानिपताची परवानगी लागत नाही. चित्रावर लिहिताना चित्र दाखवावंच लागतं, आणि त्याच्यावर कुणाचा तरी हक्क असतो. भारतीय कायद्यात कलाकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं हा हक्क चालतो. राजा रविवर्मा १९०६ मध्ये गेले, त्यांची चित्रं केव्हाच मोकळी झाली. पण सूरसागराच्या बाजूनं कीर्तिमंदिराकडे चालत जा. तिथली चार भित्तिचित्रं, गंगावतरण, मीराबाई, नटीर पूजा आणि महाभारताचं युद्ध, नंदलाल बोस यांनी १९३९ ते १९४६ या काळात रंगवली. नंदलाल गेले १९६६ मध्ये, म्हणजे हिशेब २०२६ अखेरपर्यंत येतो. आणि हक्क संपला तरी चित्र ज्याच्या भिंतीवर आहे तो फोटो काढू देईलच असं नाही. टीका किंवा समीक्षेसाठी रास्त वापराची मुभा आपल्या कायद्यातही आहे, पण प्रकाशकाचा वकील "कशाला जोखीम" म्हणतो आणि विषय तिथेच बसतो.

माझंच सांगते. काही वर्षांपूर्वी एका लेखासाठी मला सहा चित्रं हवी होती. परदेशातल्या एका संग्रहालयानं एकेका फोटोचे पौंडांत असे काही पैसे सांगितले की मी दोनावर आले. त्या दोनांतला एक छापताना उलटा झाला. सरस्वतीची वीणा डावीकडून उजवीकडे गेली आणि खाली माझं वाक्य होतं: "वीणेची दिशा विशेष लक्ष देण्याजोगी आहे." अजून कुणी ना कुणी विचारतं.

इथे एकटा माणूस काहीच करू शकत नाही, संघटना करू शकते. कॉलेज आर्ट असोसिएशननं २०१५ मध्ये रास्त वापराची संहिता काढली: कलेवर लिहिताना, शिकवताना, प्रदर्शन भरवताना चित्र किती आणि कशासाठी वापरणं रास्त समजावं. कायदा तोच राहिला. पण हजारो जाणकारांची संघटना "आमच्या धंद्यात हे रास्त मानतात" असं लिहून देते तेव्हा प्रकाशकाच्या वकिलालाही टेकायला भिंत मिळते. त्याच संघटनेकडे मिलार्ड मीस नावाच्या कला-इतिहासकाराच्या मृत्युपत्रातून १९७५ मध्ये उभा राहिलेला निधी आहे. चित्रांच्या खर्चामुळे जी चांगली पुस्तकं अडतात, त्यांच्या प्रकाशकांना त्यातून मदत जाते. आत्याच्या भाषेत, मंडळाचा शिल्लक फंड.

वर्गणीचा आणखी एक उपयोग रोज दिसत नाही, वेळ आली की दिसतो. इंग्लंडमध्ये २०१६ च्या ऑक्टोबरात एका परीक्षा मंडळानं जाहीर केलं की कलेचा इतिहास हा विषय आता बारावीच्या पातळीवर घेणार नाही. तो विषय घेणारं तेवढं एकच मंडळ उरलं होतं, म्हणजे विषयच गेला. मुलं कमी, परीक्षक मिळत नाहीत, ही कारणं. श्रीमंतांच्या शाळांतला चोचला, असंही लोक म्हणालेच. ब्रिटनच्या संघटनेनं शिक्षकांना गोळा केलं, कलाकारांची आणि संग्रहालयांची पत्रं मिळवली, वर्तमानपत्रांत रान उठवलं. डिसेंबरात दुसऱ्या एका मंडळानं विषय घ्यायची तयारी दाखवली आणि २०१७ पासून नवा अभ्यासक्रम सुरूही झाला. यात पावतीपुस्तकवाल्या मुलांना हसायचं कारण नाही. आधीपासून ओळखी, पत्ते, हिशेब आणि एक पगारी चिटणीस असल्याशिवाय दोन महिन्यांत एवढं होत नाही.

संघटना म्हणजे देवमाणसांचा मेळा, असा समज नको. अमेरिकेतल्या अधिवेशनात बायकांना इतकं कोपऱ्यात बसवलेलं होतं की १९७२ मध्ये तिथल्या कलावंत आणि अभ्यासक बायकांनी स्वतःचा वेगळा गटच काढला. बराच काळ कलेचा इतिहास म्हणजे फ्लॉरेन्स, पॅरिस आणि उरलेलं जग तळटीपेत, असा खाक्या होता. आता गेटी प्रतिष्ठानाच्या पैशातून २०१२ पासून इतर देशांतले अभ्यासक अधिवेशनाला बोलावतात. चांगलंच आहे, पण व्हिसा, डॉलरमधली वर्गणी आणि इंग्रजी या तीन फाटकांतून आमच्याकडची किती मुलं पार होतात ते मी बघतेच. तांबेकर वाड्यावरचा उत्तम लेख मराठीत किंवा गुजरातीत लिहिला तर त्या परीक्षकांच्या भिशीत तो पडतच नाही. ही माझी जुनी तक्रार आहे, आणि वर्गणी भरून मी ती दर वर्षी अधिकृतपणे नोंदवते.

एवढं झाल्यावर आत्या उठली आणि देवघरातली लक्ष्मी घेऊन आली. फ्रेमसकट. कमळावर उभी, चार हात, मागे हत्ती. लक्ष्मीच्या साडीच्या काठावर कुणीतरी कधीकाळी खरी जर आणि टिकल्या शिवलेल्या.

"हे खुद्द रविवर्म्याचं. सासूबाई म्हणायच्या, राजवाड्यातून आलंय. किती येतील याचे?"

रविवर्मा आणि बडोदं म्हटलं की हा प्रश्न येतोच. सयाजीरावांनी लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी त्यांच्याकडून पुराणातल्या प्रसंगांची चित्रं करून घेतली, ती खरी तैलचित्रं. पण १८९४ मध्ये रविवर्म्यांनी मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि त्यातून निघालेल्या छापील देवदेवता घराघरांत पोचल्या. मी फोनचा कॅमेरा लक्ष्मीच्या गालाजवळ नेऊन मोठं करून दाखवलं. कुंचल्याचा फटकारा कुठेच नाही. गुलाबी, पिवळे, निळसर बारीक ठिपके, दाणेदार, एकावर एक. दगडावरून एकेक रंग वेगळा छापला की असे ठिपके दिसतात. खालच्या पट्टीवर छापखान्याचं नाव असतं, पण फ्रेमवाल्यानं ती पट्टी कापलेली.

"म्हणजे खोटं?"

"खोटं नाही. खरं छापील."

आणि किंमत मी सांगितली नाही. कला-इतिहासकारांच्या संघटनांच्या आचारसंहितांचा एक गाभा असा की चित्र कुणाचं हे सांगणाऱ्यानं त्याच्या किमतीत वाटेकरी व्हायचं नाही. टक्केवारी घेतली की डोळ्यांना रविवर्मा जास्तच दिसू लागतो. चित्र आधी कुणाकडे होतं, घरात कधी आलं, याचा माग काढायचा, आणि नक्की माहीत नसेल तर तसं लिहायचं. घरच्या माणसालाही तेच. जरीकाम मात्र मी बराच वेळ बघत राहिले. ते कुणी केलं, सासूबाईंनी की त्यांच्याही सासूबाईंनी, हे आत्याला विचारलं. तिला आठवेना. दोराही वहीत लिहून घेतला: पिवळा, रेशमी, दोन ठिकाणी पांढऱ्यानं डागडुजी.

आत्यानं लक्ष्मी परत जागेवर लावली, फ्रेम सरळ केली.

"वर्षाचे किती भरतेस त्यांना?"

मी आकडा सांगितला. रुपयांत.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "खाली ती मुलं भेटली तर हे बोलू नकोस. मी तीनशेच दिलेत."